लेकराचं शिकणं गटाच्या वहीसारखं तपासा

(३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले जयंतीच्या दिवशी, प्रभागसंघाच्या सभेत जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या शिक्षिकांनी केलेलं हे भाषण. सभा संपल्यावर बऱ्याच ताई म्हणाल्या, "हे लिहून द्या, घरी वाचून दाखवतो." म्हणून इथे देत आहोत. बोललेली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज सावित्रीबाईंची जयंती. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपण दरवर्षी ऐकतो. त्यांना हार घातला, वंदन केलं. आता मला आपल्या गावच्या शाळेबद्दल बोलायचंय. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, एक आंब्याचं झाड आणि मागे थोडी मोकळी जागा, एवढी आपली शाळा.

दिवाळीनंतर ग्रामसंघाच्या बैठकीला मला बोलावलं होतं. तिथे एका ताईने सरळ विचारलं, "मॅडम, आमचं पोरगं घरी येतं तर हातापायाला माती. विचारलं आज काय केलं, तर म्हणतं वाफे केले, पाऊस मोजला, बिया मोजल्या. मग शाळेत शिकवता कधी?" सगळ्या हसल्या. मला मात्र तो प्रश्न आवडला. आपण गटात दर आठवड्याला विचारतोच ना, पैसे कुठे गेले, परतफेड झाली का, वही दाखवा? तसाच हा प्रश्न आहे. लेकराचा दिवस कुठे गेला, त्यातून काय हाती आलं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आज मी त्याचंच उत्तर देते. आणि ते उत्तर खरं की खोटं, हे घरच्या घरी कसं तपासायचं, तेही सांगते.

पाऊस मोजला म्हणजे काय केलं?

जूनच्या शेवटी शाळा उघडली, तेव्हा मुलांनी सरळ बाजूंची एक प्लास्टिकची बाटली घेतली. वरचं तोंड कापून नरसाळ्यासारखं उलटं बसवलं. बुडाशी बाटली वेडीवाकडी असते, म्हणून तिथे खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरलं आणि त्या जागी शून्याची खूण केली. वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा केल्या. रोज शाळा भरताना एका मुलाने बाटली वाचायची, भिंतीवरच्या तक्त्यात आकडा लिहायचा, आणि पाणी पुन्हा शून्यावर आणून ठेवायचं.

यात काय शिकलं लेकरू? पट्टी वाचायला शिकलं. मिलिमीटर किती बारीक असतो ते कळलं. महिन्याच्या शेवटी चौथीच्या मुलांनी सगळ्या आकड्यांची बेरीज केली. मग मी सांगितलं, एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण चार हजार लिटर पाणी पडतं. मुलांनी लगेच हिशेब मांडला: दहा मिलिमीटर म्हणजे चाळीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर! एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आमच्या तीन एकरांत बारा टँकर ओतले देवाने." हा गुणाकार त्याला फळ्यावर कधी सुटत नव्हता.

आणखी एक गोष्ट. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारी हिशेबात ती अतिवृष्टी धरतात, हे तुम्हाला पंचनाम्याच्या वेळी ऐकून माहीत आहे. सरकारी आकडा मंडळाच्या पर्जन्यमापकाचा असतो, आमच्या बाटलीचा नाही. पण ६५ मिलिमीटर म्हणजे बोटांवर किती, हे आता आपल्या चौथीच्या पोरांना दाखवता येतं. मोठी झाल्यावर तलाठ्यासमोर उभं राहताना ते कामाला येईल.

बिया मोजल्या म्हणजे काय केलं?

दसऱ्याच्या सुमारास चौथीच्या मुलांनी घरून हरभरा आणला, सहा घरांतला. प्रत्येक घरच्या हरभऱ्याचे शंभर दाणे मोजले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावल्या, गोणपाट गुंडाळलं, सावलीत ठेवलं, रोज पाणी शिंपडलं. आठवड्याने उघडून कोंब मोजले. कुणाचे ९१ उगवले, कुणाचे ८८, एका घरचे फक्त ६४. प्रमाणित बियाण्यात शंभरातले निदान ८५ उगवले पाहिजेत, असा नियम आहे. ज्या घरचे ६४ आले, त्या ताई इथेच बसल्या आहेत. पोरगी घरी जाऊन म्हणाली, "आई, हे बी नको पेरू, शंभरातले छत्तीस मेलेले आहेत." त्यांनी पेरणीआधी बी बदललं.

चौथीत टक्केवारीचं गणित नसतं. पण 'शंभरातले किती' हे मुलांनी हाताने मोजलं. पुढे टक्के आले की ती घाबरणार नाहीत. आणि दहाच्या दहा ओळी म्हणजे शंभर, हे पहिलीतली मुलंही बाजूला बसून पाहत होती.

बाजारात आईची मजुरी

डिसेंबरात एका शनिवारी आम्ही बालबाजार भरवला. शनिवारी आम्ही दप्तर आणायला सांगत नाही. मुलांनी मेथी, कांदापात, बोरं, चिवडा, लिंबू सरबत मांडलं. तुम्ही सगळ्या घ्यायला आलात, घासाघीस केलीत, मुलांना घाम फोडलात. त्याबद्दल आभार! सोमवारी वर्गात हिशेब झाला. तिसरीतल्या एका मुलाने चिवड्याचा खर्च लिहिला: पोहे, तेल, शेंगदाणे, डाळ्या, मीठ-मसाला मिळून १४० रुपये. विक्री १७५ रुपये. नफा ३५ रुपये. टाळ्या वाजल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "याच्या आईने दोन तास चिवडा केला, तिची मजुरी कुठे लिहिली?"

वर्ग एकदम गप्प झाला. मग आम्ही मजुरी धरून पुन्हा हिशेब केला. नफा गेला, उलट तोटा आला. मुलं म्हणाली, मग चिवडा महाग विकायला पाहिजे होता, नाहीतर जास्त करायला पाहिजे होता. बहिणींनो, आपल्या पापड-लोणच्याच्या, शेवयांच्या उद्योगात आपण तरी आपली मजुरी धरतो का? ते लेकरू धरायला शिकलं. वजाबाकी पुस्तकात होतीच. तिचा अर्थ त्याला त्या दिवशी कळला.

रोजचं एक गणित मात्र शाळेच्या आतच चालतं, तेही खिचडीचं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, असं प्रमाण ठरलेलं आहे. रोज चौथीचा एक मुलगा हजेरी मोजतो आणि फळ्यावर लिहितो. आज ४२ हजर, तर तांदूळ ४ किलो २०० ग्रॅम, डाळ ८४० ग्रॅम, भाजी २ किलो १०० ग्रॅम. स्वयंपाक आपल्यातल्याच दोन ताई करतात. त्या मुलांना म्हणतात, "सांग रे मास्तर, आज किती टाकू?" कुणीही येऊन तो फळा बघावा. तो सगळ्यांसाठीच आहे.

आणि वर्गात?

आता वाचनाचं. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. त्याचं सोपं सांगायचं तर एकच म्हणणं आहे: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता आलं पाहिजे आणि रोजचं गणित आलं पाहिजे. तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द वाचावेत, समजून. अंकांचं बघा: पहिलीत ९९ पर्यंत, दुसरीत ९९९ पर्यंत, तिसरीत ९,९९९ पर्यंतचे अंक वाचता-लिहिता यावेत.

तिसरीच का? कारण तोपर्यंत लेकरू वाचायला शिकतं. त्यापुढे ते वाचून शिकतं. परिसर अभ्यास, इतिहास, गणितातली उदाहरणं, सगळं वाचूनच. ज्याला तिसरीपर्यंत नीट वाचता आलं नाही, ते पुढच्या प्रत्येक वर्गात बसतं खरं, पण पुस्तक त्याच्याशी बोलत नाही.

आकड्यांची एक अडचण आपल्या मराठीतच आहे. 'पंचवीस' म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहितो, मग पाच. म्हणून लेकरू ऐकतं पंचवीस आणि लिहितं ५२. ते मठ्ठ नसतं, बाई! त्याने जसं ऐकलं तसं लिहिलं. यासाठीच २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस' बरोबर 'वीस पाच' असंही दिलं होतं. तेव्हा खूप वाद झाला, लोक हसले. आम्ही वर्गात दोन्ही म्हणतो. घरी लेकरू 'सत्तर दोन' म्हणालं तर हसू नका. म्हणा, "बरोबर, आणि त्यालाच बहात्तर म्हणतात." पुढे ते आपोआप बहात्तर म्हणायला लागतं.

घरी कसं तपासायचं?

आता मुद्द्यावर येते. पुष्कळ ताई म्हणतात, "मॅडम, मी चौथीच शिकले, मी काय तपासणार?" काही ताई म्हणतात, "मला तर सहीच येते." पण सही येणारी ताईसुद्धा गटाच्या बैठकीत हिशेब चुकला तर बरोबर धरते. तेवढी नजर पुरे आहे. चार गोष्टी सांगते.

एक. लेकराला मधूनच वाचायला सांगा. पहिल्या ओळीपासून वाचू दिलं की मुलं पाठ झालेलं म्हणतात, डोळे छपराकडे असतात. तुम्ही पानाच्या मध्यावर बोट ठेवा आणि म्हणा, "इथून वाच." तिथून वाचलं तर खरं वाचलं. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसलं तरी हे करता येतं.

दोन. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि विचारा, "काय झालं गोष्टीत? कोण होतं? मग पुढे?" लेकराने आपल्या शब्दांत सांगितलं तर समजलं. नुसते शब्द म्हटले आणि सांगता आलं नाही, तर मला येऊन सांगा. तिसरी-चौथीच्या लेकराच्या हातात आपलं हे वार्तापत्रच द्या. तुम्हालाही ऐकायला मिळेल.

तीन. पैसे पुढे ठेवा. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी. म्हणा, "सत्तेचाळीस रुपये दे." चार नोटा, सात नाणी आली पाहिजेत. सात नोटा, चार नाणी आली तर ५२-२५ चीच अडचण आहे, रागावू नका, रोज खेळा. दुसरी-तिसरीच्या लेकराला गटाचं पासबुक वाचायला द्या. बचत किती, कर्ज किती राहिलं, ते सांगेल.

चार. तुमच्या कामातलं गणित विचारा. "सकाळी १४ किलो वेचलं, दुपारून १७ किलो. किलोला दहा रुपये धर. आज किती झाले?" चौथीच्या मुलाने ३१० सांगायला पाहिजेत. उत्तर आलं की 'कसं काढलं' तेही विचारा. त्यातच खरं कळतं.

हे सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे. चूल पेटलेली असताना, भाकरी थापताना होतं. आठवड्यातून दोनदा केलं तरी पुष्कळ.

व्हॅनचं कर्ज

एक गोष्ट बोलायला जरा अवघड आहे, तरी बोलते. गटातून अंतर्गत कर्ज घेऊन लेकराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं, असं काही ताईंच्या मनात आहे. दारात व्हॅन येते, टाय लावतात, हे बघून वाटतं. आईला वाटणारच. मी कुणाला नको म्हणणार नाही, तो तुमच्या घरचा निर्णय आहे.

पण हिशेब करा. शेळी घ्यायला, शिलाई मशीन घ्यायला कर्ज घेतलं तर त्यातूनच हप्ता निघतो. फीचं कर्ज दरवर्षी नव्याने लागतं, आणि व्हॅनचं भाडं दर महिन्याला. पहिल्या वर्षी जमतं. तिसऱ्या वर्षी दुबार पेरणी आली, भाव पडला, की आधी कुणाची शाळा सुटते? मुलीची. मुलगा व्हॅनने जातो, मुलगी घरी राहते. हे मी आजूबाजूच्या गावांत पाहिलंय.

मी सरकारी शाळेची, म्हणून असं बोलते, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. माझ्या शब्दावर जाऊच नका. आत्ता सांगितलेल्या चार गोष्टी आपल्या शाळेतल्या लेकरावर करून बघा, आणि व्हॅनने जाणाऱ्या भाच्या-पुतण्यांवरही करून बघा. जिथे लेकरू समजून वाचतं, तिथे ठेवा. आपल्या शाळेतलं लेकरू कमी पडलं, तर मला आणि सरांना ग्रामसंघात बोलावून जाब विचारा.

वेचणी आणि हजेरी

आता माझी बाजू मांडते. बाहेरचा उपक्रम असो की वर्गातलं वाचन, लेकरू शाळेत असेल तरच उपयोग. तिसरीतली एक मुलगी दिवाळीच्या सुटीपर्यंत अडखळत का होईना, धडा वाचत होती. नोव्हेंबरपासून ती आठवड्यातून एक-दोन दिवस यायची. घरी धाकटा भाऊ, वर्ष-दीड वर्षाचा. आई वेचणीला. परवा तिला वाचायला दिलं, तर साध्या जोडाक्षरापाशी थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला माहीत आहे की हे तिला येत होतं. वाचन सरावाचं काम आहे, पोहण्यासारखं पक्कं होईपर्यंत सोडलं की बुडतं.

कापूस फुटला की थांबत नाही, हे मला कळतं. दव असलं तरी, मजूर नसले तरी, तो वेचावाच लागतो. त्या आईला दोष देऊन काय होणार? उपाय गटातच आहे. तीन वर्षांच्या वरचं मूल अंगणवाडीत जाऊ शकतं. त्याहून लहान असतील तर पाच घरांनी एकत्र यायचं. रोज एका ताईने घरी राहून पाचही घरची लहानगी सांभाळायची, चौघींनी वेचणीला जायचं. दिवसाची मजुरी ३०० रुपये धरली, तर चौघींनी घरच्या ताईला प्रत्येकी ६० रुपये द्यायचे. पाचही जणींच्या हाती २४० रुपये राहतात. ६० रुपये कमी झाले खरे. पण पाच घरच्या मोठ्या मुली शाळेत राहिल्या.

आणि ज्यांना कुटुंब घेऊन बाहेरगावी कामाला जावं लागतं, त्यांनी निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून तिथल्या शाळेत लेकराला बसवा.

काय करायचं ते ठरवून जाऊ या

आपल्या दशसूत्रीत बचत, कर्ज, परतफेड जशी आहे तसंच शिक्षणही आहे. ते सूत्र आपण बैठकीत म्हणतो आणि पुढे जातो. आज तीन गोष्टी ठरवू या.

पहिली, दर आठवड्याच्या बैठकीत पाच मिनिटं लेकरांची. कुणाचं किती दिवस चुकलं, का चुकलं, एवढंच. ते इतिवृत्तात लिहायचं.

दुसरी, शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या सदस्य महिला असतात. बऱ्याच ताईंची नावं कागदावर आहेत, बैठकीला मात्र घरचे पुरुष येतात, नाहीतर घरी सहीचा कागद जातो. यापुढे ज्या ताईचं नाव, ती ताईच येईल. येऊन बोलेल.

तिसरी, महिन्यातून एका शनिवारी कोणत्याही गटाच्या दोन ताईंनी शाळेत यायचं. काही शिकवायला नको. बसा, बघा, मुलांना विचारा. ज्यांना बी पारखता येतं, वाती वळता येतात, गोधडी शिवता येते, त्यांनी तेही दाखवा. गोधडीच्या चौकोनांतून मी अपूर्णांक शिकवते, मला एक जुनी गोधडी हवीच आहे.

त्या तिसरीतल्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिच्या आईच्या गटाने परवाच्या बैठकीत विषय घेतलाय. सोमवारपासून ती रोज शाळेत येणार, असं कळलंय. तिच्यासाठी मी रोज दुपारी अर्धा तास वेगळा ठेवलाय. मार्चपर्यंत तिला पुन्हा धडा वाचता आला पाहिजे. तिच्या आईने तिला मधूनच वाचायला लावून तपासावं, आणि मला सांगावं.

 जय सावित्री!